सांधा नसलेलं घर

पाहुणा घरात आला की आधी माणसांशी बोलतो. कडूबा मिस्त्री आधी भिंतीशी बोलायचे. दारात चप्पल काढायची, उंबरा ओलांडायचा आणि मधल्या बोटाचं पेर वाकवून डाव्या हाताच्या भिंतीवर टकटक करायचं. मान जराशी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. मग समोरची भिंत, मग खाली वाकून फरशी. एवढं सगळं ठाकठीक वाजलं की आमच्याकडे वळून म्हणायचे, "बरंय ना ताई?" एकदा न्हाणीघराजवळची एक फरशी पोकळ वाजली. चहा ठेवला होता, तो तसाच टाकून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थैली घेऊन हजर झाले. घर बांधून तेव्हा कितीतरी वर्षं लोटली होती आणि त्या फरशीबद्दल आमची काही तक्रार नव्हती. पण ऐकतो कोण? दिवसभर घरात सिमेंटचा वास, न्हाणीघर बंद, आणि आमचे हे शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेले.

गारखेड्यातलं आमचं हे घर त्यांनीच बांधलं. मी पोस्टात काउंटरवर होते, आमचे हे वाळूजला एका कंपनीत. घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, एवढंच आम्हा दोघांचं ज्ञान. मिस्त्रींना कुणीतरी पाठवलं होतं. काटक अंग, डोक्याला रुमाल आणि मनगटाला सुती दोरीची गुंडाळी. राखी बांधावी तशी ती दोरी बारा महिने असायची, भिंतीची ओळ धरायला. नाव विचारलं तर म्हणाले, "कडूबा." आधीची लेकरं जगली नाहीत की आमच्या भागात पुढच्याला असं नाव देतात, म्हणजे मरणानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं. नाव कडू, पण चहात साखर दुप्पट लागायची.

त्या वर्षात माझी भाषाच बदलून गेली. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. कोपरा काटकोनात आहे का ते बघायचा तो गुण्या. गिलावा घोटायचं लाकूड म्हणजे रंधा. हे शब्द कुठल्याही बांधकामावर ऐकू येतात, पण मिस्त्री ते माणसांनाही लावायचे. आमच्या शेजारच्या घरमालकाबद्दल त्यांचं मत होतं, "मानूस वाईट नाय, पन ओळंब्यात नाय." एकदा आम्हा नवरा-बायकोचं स्वयंपाकघराच्या खिडकीवरून कडाक्याचं वाजलं. मी लगेच समेटाला निघाले तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ता नका बोलू ताई. भराव बसू द्या आधी, मग फरशी टाका. कच्च्या भरावावर टाकली की फुटती." मी दोन दिवस गप्प बसले. भराव खरंच बसला. पुढे पोस्टात नवीन लागलेल्या मुलीवर साहेबांनी सगळं काम ढकललं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, स्लॅब ओला आहे अजून, पाणी पिऊ द्या." साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

पण त्यांच्या सगळ्या शब्दांत एक शब्द शिवीसारखा होता, तो म्हणजे सांधा. स्लॅबचं ओलं काँक्रीट एका दमात टाकलं तर सगळं छत एकजीव होतं. मध्येच थांबलात, पहिलं सुकलं आणि मग पुढचं टाकलंत, तर दोन्हींच्या मध्ये एक रेघ राहते. ती रेघ मिस्त्रींना सहन व्हायची नाही. म्हणायचे, "सांधा म्हंजी पानी. पानी म्हंजी ओल. अन् घरात ओल आली की मानसं एकमेकाला टाकून बोलायलीत."

आमच्या स्लॅबच्या दिवशी ऐन दुपारी मिक्सर बंद पडला. एक कोपरा राहिला होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, राहू द्या, उद्या करू. मिस्त्री वरून ओरडले, "माल पालथा करा. हातानं कालवा. खंड पडायचा नाय." मग काय, जो दिसेल त्याच्या हातात फावडं. आमचे हे कंपनीतून अर्धी रजा टाकून पेढे घेऊन आले होते. ते बुटासकट वाळूत उतरले. मी साडी खोचून घमेली पुढे सरकवत होते. माझ्या पुढे उभ्या होत्या गयाबाई, मिस्त्रींच्या कारभारीण. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या हाताखाली बिगारी काम करत. ठेंगण्या, पण भरलं घमेलं असं उचलायच्या की मला माझीच लाज वाटली. माझी धाप बघून म्हणाल्या, "ताई, दमानं घ्या. ह्यो मानूस ऐकनार नाय. माज्या बापाच्या मयताला बी ह्यो स्लॅब टाकून आला." मिस्त्रींनी ते वरून ऐकलं आणि वरूनच उत्तर दिलं, "तुजा बाप थांबला असता, स्लॅब थांबत नसतो."

मिस्त्रींच्या लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हाही असाच कुठला तरी स्लॅब होता. पाहुणे सतरंजीवर बसलेले, लेक पोहे घेऊन आलेली, बाप कुठे दिसेना. शेवटी आले ते डोक्यापासून मिशीपर्यंत सिमेंटनं माखलेले. मुलाच्या काकांनी विचारलं, "हे मुलीचे आजोबा का?" गयाबाई ही गोष्ट सांगताना दर वेळी तोंडाला पदर लावायच्या. लग्न मात्र जमलं. पुढे जावयाचं घरही मिस्त्रींनीच बांधलं, एका दमात.

ह्या माणसाचा एक जोडीदार होता, इसाकभाई. स्लॅबखाली फळ्या ठोकणं, टेकू लावणं, सळया बांधणं हे त्यांचं काम, आणि विटा, गिलावा, फरशी मिस्त्रींची. दोघं तरुणपणापासून एकत्र आणि तेव्हापासूनच भांडत आलेले. मिस्त्री मराठीत बोलायचे, इसाकभाई दखनीत उत्तर द्यायचे. मिस्त्रींना वाटायचं लोखंडाचं काम म्हणजे नुसतं वाकवणं, इसाकभाईंना वाटायचं गिलावा म्हणजे तोंडाला पावडर. जेवायला मात्र एकाच सावलीत बसायचे.

मिस्त्रींनी स्वतःचं घर बांधलं ते वाळूजच्या वाटेवर, मोठ्या रस्त्याला लागून, गुंठेवारीतल्या बिनपरवानगीच्या तुकड्यावर. पुढे दोन खोल्या, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. जन्मभर लोकांची घरं बांधून उशिरा हाताला लागलेली ती जागा. स्वयंपाकघराचा ओटा त्यांनी गयाबाईंना उभं करून, त्यांच्या कोपराला दोरी लावून घेतला. इतका बुटका ओटा मी कुठे पाहिला नाही. तिथे पोळ्या लाटायला मी वाकले तर माझी कंबर धरली. गयाबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ओट्याव लई टाचा उचलल्या ताई. आता नाय उचलायच्या." सून कुरकुर करायची, पण ओटा सासूच्याच मापाचा राहिला.

स्लॅबच्या दिवशी आम्हाला येसराच्या आमटीचं जेवण होतं. सळया बांधून झाल्या होत्या. इसाकभाई बीडी विझवून म्हणाले, "मिस्त्री, बीच में एक जोड रख. आगे का अलग, पीछे का अलग. रस्ते के किनारे का घर है, रस्ते का क्या भरोसा."

मिस्त्री हसलेसुद्धा नाहीत. "जोड ठिगळाला लागतो इसाकभाई. मी काय गोधडी शिवायलोय व्हय?"

"हौ, तेरे कू कौन समझाए."

स्लॅब एका दमात पडला. संध्याकाळी मिस्त्री त्याच्या काठावर उभे राहिले होते, पाय घोट्यापर्यंत पांढरे, आणि खालून गयाबाई त्यांना जेवायला बोलवत होत्या. मला ते दृश्य फार आवडलं होतं. 

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं. बरीच वर्षं ते निघायचं आणि बसायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एके दिवशी कडेच्या घरांवर, कुठवर पाडायचं ते दाखवणाऱ्या लाल रंगाच्या खुणा पडल्या. मिस्त्री त्या दिवशी आमच्याकडे आले, भिंती वाजवल्या, फरशी वाजवली, "बरंय ना ताई?" म्हणाले, चहा प्यायले आणि बशी खाली ठेवताना म्हणाले, "खूण मागच्या अंगाला पडलीया. पुढच्या दोन्ही खोल्या जायल्यात. मधली भिंत बी जातीय." थोडं थांबून म्हणाले, "मागचं वाचतंय का, तेवढं बगायचं. तिचा ओटा तरी ऱ्हावा."

आमचे हे दुसऱ्या दिवसापासून धावपळीला लागले. ह्याला फोन, त्याच्या मेव्हण्याला फोन. गुंठेवारीतल्या घराच्या तक्रारीला किती वजन असतं ते गावाला ठाऊक आहे. सगळे गोड बोलले आणि सगळे म्हणाले, आमच्या हातात काही नाही. मोजणीला आलेला साहेब तर आमच्या मुलाच्या वयाचा होता. त्यानं घर फिरून पाहिलं, खांबावर हात ठेवला आणि खरं तेच बोलला, "काका, काम फार पक्कं आहे तुमचं. तेच अवघड आहे. सगळं एकात एक आहे. पुढचं निघताना मागचं सांभाळणं कठीण."

मिस्त्री म्हणाले, "आमी आमच्या हातानं काढतो साहेब. तुमची मशीन नका लावू."

"तारखेच्या आत काढा. पुढं माझ्या हातात नाही."

मग दोघं म्हातारे कामाला लागले. इसाकभाईंनी कुठून कुठून टेकू गोळा करून मागच्या स्लॅबखाली उभे केले. मधली भिंत जाणार, म्हणून मिस्त्रींनी तिच्या आतल्या बाजूला नवी भिंत उचलायला घेतली. खोली अरुंद झाली, पण ओटा वाचत होता. बाहेर खुणेच्या रेघेवर छन्नी-हातोड्यानं स्लॅब तोडणं चालू. जो सांधा ठेवला नव्हता, तो आता हातानं पाडायचा होता. मी डबा घेऊन गेले तेव्हा मिस्त्री छन्नी थांबवून मला म्हणाले, "तुटंना ताई. लई मरनाचं काम केलतं." त्यात थोडा अभिमान होता, हे मला आजही खरं वाटतं आणि आजही त्याचा त्रास होतो.

इसाकभाई शेजारीच होते. मी वाट बघत होते, आता ते म्हणतील, मी बोललो होतो.  त्यांनी मिस्त्रींच्या हातातली बोथट छन्नी घेतली आणि स्वतःजवळची धारेची दिली.

तारीख आली तेव्हा रेघ अर्ध्याच्या पुढे गेली होती, पण पार झाली नव्हती. मशीन आली. आम्ही दोघंही गेलो होतो. कशाला गेलो, मला सांगता येणार नाही. करण्यासारखं काही नव्हतं आणि घरी बसवत नव्हतं. सामान आधीच रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली ठेवलं होतं. मिस्त्रींचा मुलगा संतोष त्यापाशी उभा होता. स्वयंपाकघरातलं मात्र गयाबाईंनी हलवू दिलं नव्हतं. ते वाचणार होतं ना.

मशीन चालवणारा पोरगा खाली उतरला आणि विचारू लागला, "काका, कुठून घेऊ?" आणि कडूबा मिस्त्री त्याला दाखवायला लागले. हितनं घे, हितं नको, ह्या खांबाला हळू, हितं सळई लई हाये. आयुष्यभर गवंड्यांना जसं सांगायचे तसंच, त्याच आवाजात. मी मान फिरवली.

आत गयाबाई झाडत होत्या. प्रत्येक दणक्याला वरून धूळ पडायची आणि त्या ती झाडून घ्यायच्या. मी म्हटलं, "राहू द्या हो आता, बाहेर चला." त्या म्हणाल्या, "इकडचं ऱ्हानार हाये ना ताई. मग घान कशाला ठिवायची?"

मी त्यांना केरसुणीसकट दारापर्यंत आणलं तोच पुढचा खांब निघाला. पुढचं छत खाली झुकलं, पण सुटलं नाही. न तुटलेल्या सळयांनी मागच्या छताला धरून ठेवलं होतं. ते खाली जाताना मागचंही ओढत गेलं. इसाकभाईंनी दोन्ही हात वर केले, पोरानं मशीन थांबवली, पण तोवर एक आवाज होऊन गेला होता. फार मोठाही नव्हता. स्वयंपाकघराच्या वर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक रेघ उमटली होती. नव्या ओल्या भिंतीच्या वरच्या विटा निखळल्या होत्या.

मिस्त्री आत गेले. मोजणीचा साहेब "काका, आत नका जाऊ" म्हणत राहिला. ते ओट्याजवळच्या भिंतीशी उभे राहिले आणि त्यांनी बोटाचं पेर वाकवून टकटक केलं. मान तिरकी केली. पुन्हा, जरा खाली, टकटक केलं. आम्ही सगळे दारात उभे होतो. काय वाजलं ते मला कळलं नाही, मला कधीच कळत नसे. मग त्यांनी बोट सरळ केलं आणि पूर्ण तळवा भिंतीला लावून ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

"गया," ते म्हणाले, "भांडी काड."

गयाबाईंनी आत जाऊन केरसुणी ओट्याखाली नीट आडवी ठेवली आणि भांडी काढायला लागल्या. मीही डबे उचलले. चहा-साखरेचे दोन डबे छातीशी धरून मी रस्ता ओलांडला आणि लिंबाखाली ते धरूनच उभी राहिले. आमचे हे म्हणाले, "खाली ठेव ना." मला ठेवता येईनात. इतकी वर्षं काउंटरवर लोकांची कामं केली, कुणाचं अडलं तर आतून जाऊन करून आणलं, आणि ह्या माणसासाठी मला दोन डबे धरून उभं राहण्यापलीकडे काही करता आलं नाही. संध्याकाळपर्यंत मागच्या खोल्याही उतरवल्या. मिस्त्री शेवटपर्यंत उभे होते. इसाकभाईंनी हातावर तंबाखू मळून त्यांच्यापुढे धरली. मिस्त्री तंबाखू खात नसत. त्यांनी ती घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

आता ते संतोषकडे बजाजनगरात भाड्याच्या खोलीत राहतात. मी एकदा गेले होते. तिथला ओटा उंच आहे. गयाबाई दोन विटा ठेवून त्यांवर उभ्या राहून भाकरी थापत होत्या. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "उच्ची वाढली बगा माजी." मिस्त्री कॉटवर बसले होते. मनगटाला दोरी नव्हती.

काम सोडतील असं वाटलं होतं, पण गेल्या वर्षी आमच्या ह्यांचे गुडघे गेले. खालच्या मजल्यावर, अंगणाच्या बाजूला एक खोली काढायची ठरली. मिस्त्रींना फोन केला तर इसाकभाईंना घेऊन आले. मी दारात उभी. त्यांनी चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि सरळ आत येऊन बसले. भिंत वाजवली नाही. मी उगीचच चहात साखर जास्त घातली.

खोली बांधली छान. पण जुन्या घराला ती जोडली नाही. मधे बोटभर फट ठेवून त्यात थर्माकोलची पट्टी भरली. नव्या खोलीचे खांब वेगळे, छत वेगळं. आमचे हे म्हणाले, "मिस्त्री, जुन्या भिंतीतच घुसवा की." मिस्त्री म्हणाले, "नाय साहेब, वायलंच ठिवू." इसाकभाई खाली बसून सळया बांधत होते. त्यांनी मानही वर केली नाही. आम्हाला वाटलं, वय झालं, कटकट नको असेल.

ह्या पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आलं. भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओला पट्टा. मी फोन केला आणि दोघं गाडीवरून आले. मिस्त्री पट्ट्यासमोर उभे राहिले. एके काळी न्हाणीघरापुढच्या एका पोकळ फरशीसाठी झोप उडालेला हा माणूस, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. मला जरा रागच आला. मी चेष्टेच्या सुरात म्हटलं, "तुम्हीच म्हणायचात ना मिस्त्री, सांधा म्हणजे पाणी? मग ठेवलात कशाला?"

"येनारच की पानी. सांधा हाये," ते म्हणाले. "वरून पट्टी मारून देतो. तरी येत ऱ्हाईल थोडं थोडं."

"पण कशाला?"

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "पानी पुसता येतं ताई," ते म्हणाले. "उद्या कुनी येऊन हितं लाल खूण केली, तर ही खोली तेवढी जाईल. बाकीच्या घराला धक्का लागनार नाय. तुमच्या साहेबांला सांगून ठिवा, खांब कुटून काडायचा ते मी लिवून नाय ठिवलं, पन इसाकभाईला ठावं हाये."

आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा नीट वळत नाही. इथून कोण रस्ता काढणार? हे मी म्हणणार होते. पण त्यांनाही एके काळी असंच वाटलं होतं. इसाकभाई दारात उभे होते.

मिस्त्रींनी रुमालानं तो पट्टा पुसायला घेतला. वरून सुरू करून खालपर्यंत आले, वाकले, फरशीवर साचलेलं टिपून घेतलं, दारात जाऊन रुमाल पिळला आणि परत आले. तोवर वरून पुन्हा ओल उतरायला लागली होती. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली.